दारातली जागा

वहिनींनी त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो एका मोटारीच्या दरवाजाला जीव खाऊन बडवत होता. कुणावर तरी चिडलाय असं वाटून त्या रस्ता ओलांडून पलीकडून गेल्या. लग्न ठरताना कळलं, की माणूस डेंटर आहे. चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणं हेच त्याचं काम. तेव्हा हसून हसून त्यांची पुरेवाट झाली होती.

पत्रे ठोकता ठोकता त्याचे कान गेले. निम्मंच ऐकू यायचं, आणि त्यात नेमके टोमणे तेवढे यायचे. राग तर सदा नाकाच्या शेंड्यावर. बायकोवर मात्र त्याने कधी आवाज चढवला नाही. आजारपणात वहिनींच्या पायांतलं बळ गेलं, तेव्हापासून त्यांचं सगळं तोच बघायचा. दर दिवसाआड त्यांना दवाखान्यात न्यावं लागे. गाडी दारात असली तरच ते जमे. कोपऱ्यापर्यंत चालणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं.

दारासमोर जागा होती एकच, आणि शेजारच्या चष्मेवाल्याचाही तिच्यावरच डोळा होता. गल्लीत गाडी लावायला रहिवाशांना परवाना लागेल असं पालिकेने ठरवलं. दोघांनीही अर्ज केले. साहेब येऊन पाहणी करणार आणि मग निकाल देणार होते.

“काय डेंटर, रस्ता सासऱ्याने आंदण दिला की काय?” चष्मेवाल्याने एका सकाळी विचारलं.

हे डेंटरला स्वच्छ ऐकू आलं. त्याने चष्मेवाल्याची गचांडी धरून त्याला भिंतीवर आपटलं. चष्मेवाल्याचा पुढचा दात पडला आणि त्याने भिरकावलेल्या विटेने डेंटरची भुवई फाटली.

“अहो, परवाना काय मारामारी करून मिळतो?” वहिनी रक्त पुसत म्हणाल्या.

“मग कशाने मिळतो?” त्याने अगदी मनापासून विचारलं.

चष्मेवाल्याने गल्लीभर सांगितलं, “नवी पांढरी गाडी घेतोय. त्याच्या दारातच लावणार. बघतोच, कोण अडवतो!”

पाहणीचे साहेब न कळवता आले, भर दुपारी. जागा मोकळी दिसली, म्हणून त्यांनी आपली पांढरी गाडी तिथेच लावली. आत येऊन त्यांनी वहिनींना चालून दाखवायला सांगितलं. वहिनी लगेच कोलमडल्या, तेव्हा त्यांनीच सावरून खुर्चीत बसवलं.

“बसा, ताई. तुम्हाला नाही द्यायचा परवाना, तर कुणाला? काम झालं समजा.”

वहिनींचे डोळे भरून आले. तेवढ्यात बाहेर काच फुटली.

डेंटर जेवायला घरी आला होता. दारात पांढरी गाडी दिसताच त्याचं डोकं फिरलं. पिशवीतून हातोडी काढून त्याने समोरची काच फोडली, दिवे फोडले, मग बॉनेटवर घाव घालत सुटला. साहेब धावत बाहेर गेले. वहिनी टेबलाचा आधार घेत खिडकीशी पोचल्या आणि किंचाळल्या, “अहो, थांबा! साहेब आहेत ते! आपले साहेब!”

त्याला ऐकू गेलं नाही. साहेबांनी मागून दंड धरला. तो न बघताच गर्रकन वळला आणि हातोडी साहेबांच्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज खिडकीपर्यंत आला. साहेब हात पोटाशी धरून रस्त्यावर गडबडा लोळू लागले.

चष्मेवाला धावत आला. त्याने डेंटरला लाथ घालून पाडलं, छातीवर बसला आणि तोंड रक्तबंबाळ होईपर्यंत बुक्के मारले. मग त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, “अरे गाढवा, माझी नाहीये ती गाडी!”

“मग कुणाची?”

“परवाना देणाऱ्याची!”

डेंटरच्या मुठीतली हातोडी सुटली. त्याने खिडकीकडे मान वळवली, पण वहिनी गजांखाली जमिनीवर बसल्या होत्या. त्या त्याला दिसल्या नाहीत.

तो तुरुंगातून सुटून आला, तेव्हाही साहेबांची मूठ नीट वळत नव्हती. परवाना चष्मेवाल्याला मिळाला. वहिनी आता बहिणीकडे राहतात. तिथे गाडी थेट दाराशी जाते. काम संपलं की डेंटर रोज तिकडे जेवायला जातो आणि झोपायला आपल्या घरी येतो.