आईने घासलेली काळी जाळी

मंडळी, आज मी आधी चिडले आणि मग मलाच लाज वाटली.

प्रयोगशाळेत मी निकेल आणि मॉलिब्डेनमच्या मिश्रधातूचे अतिसूक्ष्म कण बनवते. त्यांचा लेप दिलेली जाळी पाण्यात ठेवून वीज सोडली, की थोड्या विजेत भरपूर हायड्रोजन सुटतो. आज कासा गावाजवळच्या एका शाळेत हेच दाखवायचं होतं. एक लेपाची काळी जाळी, एक साधी. मुलांनी बुडबुड्यांतला फरक बघायचा.

सकाळी कैनाडला, आमच्या गावच्या घरी पिशवी उघडली, तर दोन्ही जाळ्या लख्ख!

"एक काळी पडलेली गं, राखेने घासली," आई म्हणाली.

"अगं, ते काळंच तर कामाचं होतं!" मी ओरडलेच. तीन आठवड्यांची मेहनत मोरीत वाहून गेली होती.

"काय काम करायचं ते?"

तणतणतच सांगितलं. पाण्यातून गॅस निघतो, पेटवला तरी धूर नाही, काजळी नाही.

आई चुलीपुढे बसून भाताच्या टोपाला बाहेरून ओली माती फासत होती. माती फासली की काजळी लवकर निघते. तिचा हात थांबला. "काजळी नाही? मग इतकी वर्षं मला बोलली का नाहीस?"

परिषदांमध्ये हे मी इंग्रजीतून कितीदा सांगितलंय. घरी एकदाही नाही.

शाळेत दोन्ही जाळ्यांना सारखेच बुडबुडे आले. मुलांना खरं कारण सांगितलं. कुणी हसलं नाही. "काळं दिसलं की आम्हीपण घासतो, मॅडम," एक मुलगी म्हणाली.

तुमचं काम तुमच्या घरी माहीत आहे का? नसेल, तर ते नेमकं कुणासाठी चाललंय?