टेकलेलं बोट

छापखान्यात तिला सगळे टिंबताई म्हणत, आणि हे नाव काही लाडानं पडलेलं नव्हतं. औषधाच्या खोक्यात घडी घातलेला एक पातळ कागद असतो. खोकं उघडलं की आपण तो न वाचता चुरगाळून टाकतो. असे कागद संगणकावर जुळवायचं काम ती बावीस वर्षं करत होती, आणि एखाद्या टिंबावरून एवढा घोळ घालत होती की खालचा मशीनवाला कपाळाला हात लावायचा.

"अहो ताई, एका ठिपक्यानं काय आभाळ कोसळणार आहे?"

"मात्रा दोन टिंब पाच मिली आहे. टिंब गळलं की पंचवीस. पोर दहापट औषध पिईल. मग तुम्ही जा त्याच्या आईला समजवायला."

मशीनवाला मुकाट्यानं खाली जायचा. त्यालाही घरी दोन लहान पोरं होती.

चारेक महिन्यांपूर्वी तिच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. आधी अंगठ्याला, मग शेजारच्या दोन बोटांना. सुरुवातीला तिनं हात झटकला, तेल चोळलं, उशीखाली घेऊन झोपली. मुंग्या गेल्या आणि त्यांच्या जागी काहीच उरलं नाही. एकदा चहाचा कप हातातून निसटून फरशीवर फुटला, तेव्हा लेक म्हणाली, "आई, लक्ष कुठं असतं गं तुझं?" लक्ष कपातच होतं. कप सुटला हे तिला आवाज झाल्यावर कळलं होतं.

डॉक्टरांनी मनगट दाबून पाहिलं. शीर दाबली गेली आहे म्हणाले, दोन महिने माउस बंद, हाताला विश्रांती. तिनं मान डोलावली आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना चिठ्ठी पर्समध्ये तळाशी कोंबली. दोन महिने विश्रांती म्हणजे काय हे तिनं पाहिलं होतं. शेजारच्या खुर्चीवरची बाई पाठ धरली म्हणून एकच महिना घरी बसली. परत आली तर खुर्चीवर दुसरीच. आता ती तळमजल्यावर कागदांच्या घड्या घालते आणि जिन्यात भेटली की डोळे चुकवते.

पण खरं सांगायचं तर खुर्चीची भीती तिला झोपेतून उठवत नव्हती. तिला उठवायचं ते टिंब. आपला हात आपल्याला न सांगता काहीतरी करेल आणि कुठल्यातरी घरात कुणी आई कागदावर बघून तेवढं औषध पोराला पाजेल, या विचारानं ती अंधारात उठून बसायची. दिवसभर ती डोळ्यांत तेल घालून काम करायची, आणि तरी संध्याकाळी टेबल आवरताना वाटायचं, आज काहीतरी सुटलं.

एकच आधार होता, वाचनकाका. छापखान्याची जुनी पद्धत अशी की मशीनवर जाण्याआधी प्रत्येक कागद दोघांनी ताडून पाहायचा. ताईनं जुळवलेल्या मजकुराची प्रत काका मोठ्यानं वाचणार, आणि समोर बसून ताई कंपनीकडून आलेल्या मूळ कागदावर शब्दाशब्दाला बोट ठेवत जाणार. काका नुसते शब्द वाचत नसत. स्वल्पविराम, कंस, टिंब, सगळं तोंडानं उच्चारत, खणखणीत. वाचून झालं की खाली त्यांची सही. त्या आवाजावर तिचा देवासारखा विश्वास होता. माझ्या हातून सुटलं तरी काकांच्या तोंडून सुटणार नाही, असं ती स्वतःला रोज बजावायची.

तरीही माउस आता धरवेना. म्हणून एका सोमवारी कामावरून सुटल्यावर ती संगणकाच्या सामानाच्या दुकानात शिरली. दुकानदाराला सडकून सर्दी झाली होती.

"माउसच्या ऐवजी काही असतं का? बोटानं चालवायचं? लॅपटॉपला असतं तसं, पण वेगळं?"

"ट्रॅकपॅड. आहेत की मावशी, तीन प्रकारचे आहेत."

मावशी हा शब्द तिनं गिळला. एरवी तिनं त्याला सरळ केलं असतं.

पहिला पॅड मोठा, काचेचा, दिसायला देखणा. पण क्लिक करायचं तर दाबावा लागायचा. तिनं चारपाच वेळा दाबून पाहिलं आणि मनगटातून थेट कोपरापर्यंत कळ गेली. दिवसाला हजारदा हे करायचं म्हटल्यावर तिनं तो बाजूला सारला. दुसऱ्या पॅडला खाली दोन बटणं होती. तिला ती पसंतही पडली, कारण बटण दाबल्याशिवाय काही घडणार नव्हतं. पण बटणं कट्‌ कट्‌ अशी वाजत होती की दुकानाच्या दारातला माणूस वळून बघेल. कार्यालयात हा आवाज झाला की पहिला प्रश्न येणार, हे काय नवीन, आणि दुसरा, हाताला काय झालं.

"तिसरा बघा," दुकानदार रुमालात शिंकून म्हणाला. "नुसतं टेकवा. दाबायचं नाही, आवाज नाही. बोट टेकलं की क्लिक."

तिनं बोट टेकवलं. पडद्यावर खिडकी उघडली. कळ नाही, आवाज नाही. चार महिन्यांत पहिल्यांदा तिच्या हातानं न दुखता काम केलं होतं, आणि तिला तिथंच रडू येईल असं वाटलं.

एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानात आली. डोळे पडद्यावर असले की बोट काचेवर आहे की वर अधांतरी, हे तिला सांगता येत नव्हतं. बघावं लागत होतं.

"टेकवून क्लिक नको असेल तर सेटिंगमध्ये जाऊन ते बंद..." दुकानदार सांगत होता, पण मध्येच त्याला दुसरी शिंक आली आणि तोवर तिनं पर्स उघडली होती.

कार्यालयात तिनं पॅड कीबोर्डला चिकटवून ठेवला आणि माउस शेजारी तसाच राहू दिला, कुणी आलं की त्यावर हात ठेवायला. "लेकीनं दिलाय, वापरून बघतेय," असं कुणी विचारायच्या आधीच तिनं दोघांना सांगून टाकलं. एवढी वर्षं खोटं न बोललेल्या माणसाचं खोटं असंच असतं, विचारण्याआधीच बाहेर पडतं.

दोन दिवस बरे गेले. गुरुवारी लहान मुलांच्या तापाच्या औषधाचा कागद आला. कंपनीनं दोन ओळी बदलल्या होत्या, बाकी मजकूर जुनाच. तिनं ओळी जुळवल्या, शेवटची एक जास्तीची मोकळी जागा बॅकस्पेसनं उडवली, आणि प्रत काढून ती काकांच्या समोर बसली. काकांनी वाचलं, तिनं मूळ कागदावर बोट फिरवलं. "दोन टिंब पाच मिली, दिवसातून तीन वेळा, पूर्णविराम." सही झाली. ती निश्चिंत घरी गेली.

शुक्रवारी सकाळी ती दुसराच कागद जुळवत होती. सवयीप्रमाणे वाचता वाचता तिचा हात पॅडवर विसावला होता. मूळ कागदावर बोट टेकवून वाचायची बावीस वर्षांची सवय, पडद्यावर वाचतानाही बोट कुठंतरी टेकायचंच. आणि तिच्या डोळ्यांसमोर कर्सर तिसऱ्या ओळीवरून उडून नवव्या ओळीत जाऊन बसला.

तिनं हाताकडे बघितलं. मधलं बोट काचेवर होतं. ते तिथं कधी टेकलं हे तिला ठाऊक नव्हतं.

मग तिला कालचं बॅकस्पेस आठवलं. मोकळी जागा उडवताना कर्सर नक्की कुठं होता? तिनं कालची फाइल उघडली. मात्रेच्या ओळीत २५ मिली लिहिलेलं होतं. शेवटची जास्तीची मोकळी जागा जिथल्या तिथं होती.

तिनं तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा आकडे हलायला लागले. पण काकांनी तर टिंब वाचलं होतं, तिनं कानांनी ऐकलं होतं! म्हणजे वाचनानंतर गेलं असेल, सही झालेल्या प्रतीत टिंब असणारच. ट्रेमधून तिनं प्रत ओढली. प्रतीवरही पंचवीसच होते, आणि खाली काकांची सही होती.

खालून मशीनचा आवाज येत होता.

जिना ती कशी उतरली हे तिला नंतर सांगता आलं नाही. मशीनवाल्याला ती ओरडून म्हणाली, "थांबवा! थांबवा आधी!"

"मालकीणबाईंनी सांगितल्याशिवाय कसं थांबवू? दुपारी गाडी यायचीय."

"पंचवीस छापताय तुम्ही! पंचवीस!"

त्यानं एक कागद उचलून पाहिला आणि त्याचा चेहरा पडला. पुढं कुणाला न विचारता त्यानं मशीन बंद केलं. अचानक झालेल्या शांततेनं घडीखात्यातल्या बायकाही उभ्या राहिल्या आणि वरून मालकीणबाई खाली आल्या.

टिंबताईला वाटलं होतं, बोलायची वेळ आली की शब्द सापडणार नाहीत. ते सापडले. "माझा हात चार महिने सुन्न आहे," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "डॉक्टरांनी काम थांबवायला सांगितलं होतं. मी लपवलं. माउस धरवत नाही म्हणून हा पॅड आणला, बोट टेकलेलं मला कळलं नाही आणि टिंब माझ्या हातून पुसलं गेलं."

मालकीणबाईंनी तिच्या हातातली प्रत घेतली आणि खालची सही बघितली. "तुमचं मी नंतर बघते. पण हे वाचून झालंय. काकांना बोलवा."

काका आले, नेहमीसारखे ताठ, इस्त्रीच्या सदऱ्यात. मालकीणबाईंनी मशीनवरचा ओला कागद त्यांच्या हातात दिला. "काका, मात्रेची ओळ वाचा."

काकांनी कागद नेहमीच्या अंतरावर धरला, घसा साफ केला आणि वाचलं, "एक ते तीन वर्षं, दोन टिंब पाच मिली, दिवसातून तीन वेळा, पूर्णविराम."

घडीखात्यातली ती पाठ धरलेली बाई पुढं आली, काकांच्या खांद्यावरून तिनं कागद पाहिला आणि मागं सरकली.

"काका," टिंबताई म्हणाली. "तुम्हाला दिसतंय का?"

"म्हणजे काय? वाचलं ना आत्ता?"

"त्यावर टिंब नाहीये, काका."

काकांनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग परत जवळ. "अगं पोरी, सगळं पाठ आहे मला," ते हळूच म्हणाले. "इतकी वर्षं तेच तर वाचतोय. आणि बदललेल्या ओळी मी दुपारी घरी जेवायला गेलो की सुनेकडून वाचून घेतो. दीड वर्षात एकदा तरी चुकलो का, सांग?"

दीड वर्ष. ती जिना चढून वरच्या कपाटाकडे गेली, तिच्या मागोमाग मालकीणबाईही. सही झालेल्या प्रतींचे गठ्ठे, प्रत्येकीला तिचा मूळ कागद जोडून, महिन्यामहिन्यानं दोरीनं बांधून ठेवलेले होते. एवढे दिवस आपला हात आपल्याला घाबरवत होता, आणि ती ज्या आवाजावर विसंबून झोपत होती त्यालाच दिसत नव्हतं. यातले सगळे कागद केव्हाच खोक्यांत जाऊन घराघरांत पोचले होते.

तिनं दीड वर्षापूर्वीचा गठ्ठा टेबलावर घेतला. सुन्न बोटांना गाठ सुटेना, तेव्हा मालकीणबाईंनीच कात्री आणून दोरी कापली.

"मी मूळ कागदावरून वाचते," मालकीणबाई म्हणाल्या. "तुम्ही प्रतीवर बघा."

वरचा पहिलाच कागद दोन वर्षांखालच्या मुलांच्या खोकल्याच्या औषधाचा होता. टिंबताईनं डाव्या हाताचं बोट पहिल्या ओळीवर ठेवलं.