परतचा शिक्का

हेडक्लार्कने माझ्या पाकिटामागचा पत्ता वाचला आणि पाकीट फुटपट्टीने ढकललं. हाताने नाही. टेबलाच्या कडेपर्यंत ढकललं आणि उचल म्हणून हनुवटीने खुणावलं.

अंधेरीतली मोठी कंपनी होती ती. टायपिस्टच्या जागेसाठी मी तीन अर्ज पोस्टाने पाठवले होते. तिन्ही न उघडता परत आले. वर जांभळा शिक्का, 'परत'. म्हणून चौथा घेऊन मीच गेले. काय चुकतंय, विचारलं. आवक-जावकचा हेडक्लार्क म्हणाला, "कारणं सांगायला बसलोय का इथे?"

मी देवनारची. कचऱ्याच्या डम्पिंगला लागून आमची वस्ती. पाकिटाला वास येत असेल अशी मला शंका, म्हणून ते दोन दिवस पावडरच्या डब्याजवळ ठेवलं होतं. अक्षर खराब असेल म्हणून पत्ता दुसऱ्याकडून लिहून घेतला होता. कारण कुणी सांगत नाही ना, की माणूस स्वतःलाच चाचपत बसतो. याची मला आजही चीड येते.

पाचवा अर्ज घाटकोपरच्या मावशीच्या पत्त्यावरून टाकला. मजकूर तोच, सर्टिफिकिटं तीच. आठवड्यात बोलावणं आलं. तेव्हाच मनात पाल चुकचुकली.

टायपिंग येत असून मला आवक-जावकला बसवलं, त्याच हेडक्लार्कच्या हाताखाली. त्याने ओळखलं नाही. तेव्हा चेहरा बघितलाच कुठे होता? आता चहा मागवायचा, ताई म्हणायचा. माझा विश्वास बसायचा नाही. खरा पत्ता कळला की हा माझा कपही वेगळा ठेवेल, असं वाटायचं.

पुढे त्याने खणातली यादी दाखवली. वस्त्यांची नावं. पाकिटावर त्यातलं नाव असलं की उघडायचं नाही, शिक्का मारून परत. आमची वस्ती सहावी होती. कारण काय लिहायचं, मी विचारलं.

"काही नाही. कारण लिहिलं की लोक भांडायला येतात."

दोन महिने मी शिक्के मारले. हो, मारले. पोटासाठी. मग आमच्याच गल्लीतल्या एका मुलीचं पाकीट तिसऱ्यांदा आलं. मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं, काही चुकलं असल्यास कृपया कळवावे.

मला स्वतःची लाज वाटली. शिक्का मारला आणि खाली पेनाने लिहिलं: तुमचं काही चुकलेलं नाही. तुमची वस्ती कंपनीच्या यादीत आहे, म्हणून पाकीट उघडलं नाही. जाब विचारायचा तर मॅनेजर पहिल्या मजल्यावर बसतात. खाली माझी सही केली.

हेडक्लार्कने वाचलं आणि ताईवरून थेट 'अगं'वर आला. "वेड लागलंय का गं तुला? कोण लागते ती तुझी?"

"माझीच वस्ती ती. यादीत सहावी."

तो उठला आणि मॅनेजरकडे गेला. कशाला, ते मला माहीत होतं. यादीतल्या वस्त्यांची बरीच पाकिटं अजून पडली होती. मी एकेक पुढे ओढून प्रत्येकावर कारण लिहायला लागले. काढायचं तर काढा मला. पण का काढलं ते कागदावर लिहून, खाली सही करून द्यावं लागेल. तो कागद हातात पडल्याशिवाय मी या खुर्चीवरून उठणार नाही.