फ्रेंच काकूंचं पन्हं

फ्रेंच काकू कोणाकडेही चहाला गेल्या की आधी बशी उलटी करून बघत. कप एका हातात, बिस्किटं मांडीवरच्या रुमालात आणि बशीचं बूड चष्म्यासमोर. शिक्का कुठला, किती पुसट झालाय, हे पाहून झालं की मग यजमानीणबाईंची खुशाली. एकदा सिव्हिल लाइन्समधल्या एका साहेबांच्या बंगल्यात त्यांनी अशीच बशी उलटी केली आणि त्यांच्या बायकोला विचारलं, "नवी आहे का?" त्या कौतुकाने "हो, कालच आणली" म्हणाल्या. "मग राहू द्या," म्हणत काकूंनी बशी सुलटी केली. काकू आठवल्या की मला आधी हसू येतं, आणि मग लगेच मान खाली जाते.

काकू नागपूरच्या. फ्रान्सशी त्यांचा संबंध शून्य. काका रेल्वेत गार्ड होते, बदली होऊन जयपूरला आले आणि निवृत्तीनंतर इथेच, बनी पार्कमध्ये राहिले. आमच्या दोन घरं पुढे. इथल्या कारखान्यांत परदेशी पाठवायला जुनं दिसणारं फर्निचर बनतं. त्यासाठी नमुना म्हणून फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतल्या खऱ्या जुन्या वस्तू येतात, नक्कल झाली की गोदामात धूळ खात पडतात. काकूंनी अशा एका गोदामाच्या भैयाजींना भाऊ मानून टाकलं होतं. "काय करून राहिले बाप्पा हे लोक! चांगल्या लाकडाला साखळीने झोडपून म्हातारं करतात," त्या सांगत. "मतलब, असली म्हातारं कोपऱ्यात पडलंय आणि नकली म्हातारं जहाजात बसून चाललंय." ते असली म्हातारं मग सायकलरिक्षात बसून काकूंकडे यायचं.

हळूहळू त्यांचं घर कुठल्याशा फ्रेंच खेड्यातलं झालं. रंग उडालेलं जाळीचं कपाट, पारा गेलेला आरसा, लाल धाग्याने कोणा अनोळखी बाईच्या नावाची आद्याक्षरं भरलेल्या जाड चादरी, त्यांचेच केलेले पडदे. स्टीलचं भांडं त्या घरात औषधालाही नव्हतं. "चमकतंय ते काय सांगणार? टवका उडाला की वस्तू बोलायला लागते," हे काकूंचं ठरलेलं वाक्य. काका म्हणत, "माझेही टवके उडालेत, मला कोणी विचारत नाही."

कोणती वस्तू कशासाठी, हे मात्र सांगणारं कोणी नव्हतं. काकू अंदाज बांधायच्या. बाटल्या वाळवायच्या झाडासारख्या लोखंडी स्टँडवर त्यांनी कप टांगले होते. "खेडं ते खेडंच. तिकडचं काय अन् आपलं काय," असं म्हणून त्या प्रत्येक वस्तूला कामाला लावत. एकदा त्यांना पांढरीशुभ्र इनॅमलची बादली मिळाली. निळी फुलं, वेताची मूठ, वर झाकण आणि झाकणाखाली आणखी एक खोलगट झाकण, मध्ये भोक पाडलेलं. "ताक नेताना हिंदकळू नये म्हणून केलंय बघ. किती विचार!" काकू हरखून गेल्या. तेव्हापासून दर चैत्रात त्यांच्या हळदीकुंकवाला त्या बादलीतून पन्हं मिळू लागलं. गौरीपुढे नैवेद्यालाही तीच. तिलक नगरपासून छावणीपर्यंतच्या मराठी बायका त्या पन्ह्यासाठी उन्हातून यायच्या. वेलदोडा, केशर आणि अगदी किंचित मिरपूड. तसं पन्हं मी पुन्हा कुठे प्यायले नाही.

शेजारच्या गेस्ट हाऊसमध्ये एकदा एक वयस्कर फ्रेंच बाई उतरली होती. काकू मला म्हणाल्या, "बोलाव तिला. म्हणावं, ये, तुझं माहेर दाखवते." हळदीकुंकू आदल्याच दिवशी झालं होतं, पन्हं उरलं होतं. बाई आली, जाळीच्या कपाटावरून हात फिरवताना तिचे डोळे भरून आले. मग काकूंनी बादलीचं झाकण काढलं आणि डाव बुडवला. बाईने तोंडावर हात घेतला. हसू दाबत तिने मला मोडक्या इंग्रजीत सांगितलं: तिच्या लहानपणी अशी बादली पलंगाजवळ असायची. रात्री बाहेर जायला नको म्हणून.

"काय म्हणते गं?" काकूंनी विचारलं.

"छान आहे म्हणते."

"छान म्हणताना कोणी असं तोंड करत नाही. खरं सांग."

मी सांगितलं. काकूंचा चेहरा पांढरा पडला. बाईला त्यांनी नीट निरोप दिला, मग बादली मागच्या लिंबाखाली रिकामी केली आणि तिथेच पायरीवर बसल्या. मी म्हटलं, "काकू, ती परवा जाईल निघून. कोणाला कळतंय?"

"मला कळलं ना," त्या म्हणाल्या. "देवीपुढे ठेवली होती मी ती. आणि तुम्हाला सगळ्यांना पाजलं."

दुसऱ्या दिवसापासून काकू घरोघर गेल्या. उंबऱ्याबाहेर उभं राहून सगळं सांगायच्या आणि हात जोडायच्या. "अहो, काही काय काकू! घासलेली होती ना?" असं तोंडावर सगळ्या म्हणाल्या. दार लागल्यावर मात्र फोन सुरू झाले. आमच्या ग्रुपवर कोणीतरी कैरीशेजारी कमोड ठेवलेलं चित्र टाकलं. मीही हसले.

पुढच्या चैत्रात काकूंनी पुन्हा बोलावलं. पन्हं काचेच्या जगमध्ये होतं. सगळ्या गेल्या, कुंकू लावून घेतलं, ओटीत हरभरे घेतले. पण जयपुरातल्या झाडून साऱ्या मराठी बायकांना त्या दिवशी उपास होता. कोणाची शुगर वाढली होती. माझी दाढ दुखत होती. निदान मी तसं म्हणाले. काकूंनी एकीलाही आग्रह केला नाही. जगवर हळूच ताटली झाकली आणि सगळ्यांच्या मुलाबाळांची चौकशी केली.

त्यानंतर हळदीकुंकू झालं नाही. वस्तू एकेक करून भैयाजींकडे परत गेल्या. काका-काकूंचं मुलाकडे पुण्याला जायचं ठरलं, तेव्हा निरोप घ्यायला मी गेले. घर उघडंबोडकं. काकू म्हणाल्या, "बस. पन्हं केलंय."

त्यांनी स्टीलचा ग्लास आणला. काकूंच्या घरात स्टील! आणि पन्हं ओतण्याआधी, जन्मभर लोकांच्या बशा उलट्या करणाऱ्या त्या बाईने ग्लास उलटा करून त्याचं बूड माझ्यापुढे धरलं. दुकानाचं लेबल तसंच चिकटलेलं होतं.

"मुद्दामच काढलं नाही," त्या म्हणाल्या. "कालच आणलाय. तू निश्चिंत पी."

मी प्यायले. दुसरा मागून घेतला. तिसऱ्यासाठी ग्लास पुढे केला, तेव्हा काकूंनी माझ्या हातावर हात ठेवला.

"पुरे गं आता," त्या म्हणाल्या. "समजलं मला."