माझ्या आवाजात बोलणारी

सांगलीत औषधं घरपोच देणाऱ्या एका कंपनीत मी म्हाताऱ्या माणसांना फोन करायची. साखरेची, रक्तदाबाची गोळी घेतली का ते विचारायचं, संपत आली असली तर पुढची ऑर्डर लिहून घ्यायची, एवढंच काम. शहरातल्या मुली ‘नमस्कार, मी अमुक कंपनीतून बोलतेय’ म्हणाल्या की समोरचा फोन ठेवून द्यायचा. मी म्हणायची, ‘आवं काका, गोळी घेतली न्हवं?’ माझं माहेर जावळी तालुक्यात, मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातलं. तिथल्या बोलीनंच मला ही नोकरी मिळाली होती. आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं नावही मी कंपनीच्या फोनच्या यादीत घातलं होतं. आई गेल्यापासून ते गावी एकटेच राहत होते. भाऊ फौजेत, कायम सरहद्दीकडे.

एकदा साहेबांनी मला काचेच्या खोलीत बसवलं आणि वाक्यं वाचायला दिली. तेच वाक्य हसून, रागावून, काळजीनं, लाडीगोडी लावून म्हणायचं. घसा बसेपर्यंत मी बोलत होते.

“ताई, तुमच्यासारखं बोलायला शिकवायचंय,” साहेब म्हणाले.

मला वाटलं, बाकीच्या मुलींना.

पुढं एका सकाळी सगळ्या मुलींना बोलावून चहा-समोसे दिले आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. एकजण तिथंच रडायला लागली. मी पर्स उचलली तर साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “ताई, तुम्ही कुठं निघालात? तुम्ही तर इथंच राहणार.” दोघं-तिघं हसले. मला काही कळलं नाही, म्हणून मीही हसले.

कळलं ते माहेरी गेल्यावर. एस.टी.तून उतरून चढ चढून गेले, तर दार उघडंच होतं. आबा सोप्यात पाठमोरे बसले होते, फोन मांडीवर, स्पीकर चालू. आणि फोनमधून मी बोलत होते.

“मग आबा, पुढं काय झालं?”

माझा आवाज, माझा हेल. मी चपला न काढता उंबऱ्यात उभी राहिले.

“भात मागत व्हती,” आबा सांगत होते. “दूधभात. डागदर म्हणाला व्हता, काय देऊ नका. म्या दिला न्हाई. लय इनवण्या केल्या तिनं. म्या ताट उचलून आत ठिवलं. तशीच गेली बघ, उपाशी.”

आई कशी गेली हे मी त्यांना कितीदा विचारलं होतं. ‘गेली ती गेली’ यापलीकडे त्यांनी मला कधी काही सांगितलं नव्हतं.

“तुमी तिच्या भल्यासाठीच केलंत, आबा,” फोनमधली मी म्हणाले. “मनाला लावून घिऊ नका.”

मी असं कधीच म्हटलं नसतं. मी म्हटलं असतं, दोन घास द्यायचे होते की. तेच तोंडावर आलं होतं. त्याऐवजी मी ओरडले, “आबा, ठेवा तो फोन! ती मशीन हाय!”

आबांनी मागं वळून बघितलं. चेहऱ्यावर दचकणं नाही, काही नाही. हात वर करून म्हणाले, “थांब जरा. बोलतोय न्हवं मी.”

मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. बाहेर ते तिला उद्या बोलू म्हणाले. मी चार महिन्यांनी गेले होते, तर मला विचारलं, “मुक्काम हाय का जाणार लगीच?”

सांगलीला परत आल्यावर मी कंपनीत गेले. रखवालदारानं आत सोडलं नाही. फोनवर साहेब म्हणाले, कामावर लागताना सही केली होती तुम्ही, आवाज कंपनीचा. पोलीस चौकीत गेले तर तिथला हवालदार म्हणाला, “बाई, आवाज चोरीला गेला म्हणता, मग आता बोलताय ते काय?” आणि शेजारच्याला टाळी दिली.

मग सरकारचा नियम आला. मशीनचा आवाज असेल तर तसं सुरुवातीलाच ऐकणाऱ्याला सांगायचं, लपवायचं नाही. त्या दिवशी मी घरी शिरा केला. नवऱ्यानं विचारलं, आज काय? मी म्हटलं, आज ती मेली.

ती मेली नाही. कंपनीनं नियम पाळला. फोन लागला की आधी एक वाक्य यायचं, ‘सदर ध्वनी कृत्रिम बुद्धिमत्तेद्वारे निर्मित आहे,’ आणि तेही इतकं भरभर की मलाच दोनदा ऐकावं लागलं. त्यामागून लगेच, ‘आवं काका, गोळी घेतली न्हवं?’ तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यानं ते ऐकलं, नियमात बसतं म्हणाला आणि गेला. जावळीतल्या कुठल्या म्हाताऱ्याला ‘निर्मित’ कळणार होतं?

पण कंपनीचा वकील घाबरट निघाला. ज्या बाईचा आवाज आहे तिची नव्यानं परवानगी घ्या, म्हणाला. म्हणून मला बोलावणं आलं. त्याच रखवालदारानं आता दार उघडून धरलं.

“परवानगी देते,” मी म्हटलं. “पण ते पहिलं वाक्य मी सांगते तसं पाहिजे. सावकाश. आमच्या बोलीत. ‘मी माणूस न्हाई, मी मशीन हाय.’”

साहेबांचा चेहरा उतरला. “ताई, अर्धे लोक फोन ठेवतील. आठवण करून द्यायला कुणी राहणार नाही. गोळ्या चुकतील त्यांच्या. चालेल तुम्हाला?”

“चालेल,” मी म्हटलं.

खरंच चालणार होतं. ते वाक्य ऐकताना मला आबांचा चेहरा बघायचा होता, एवढंच माझ्या डोक्यात होतं. वकिलानं होकाराची मान हलवली. मी पुन्हा त्या काचेच्या खोलीत बसले आणि एकेक शब्द सुटा करून ते वाक्य म्हटलं.

ते सुरू होणार होतं त्याच्या आदल्या दिवशी मी आबांकडं गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या समोरच बसले. फोन वाजला, त्यांनी स्पीकर लावला.

“आबा, मी माणूस न्हाई. मी मशीन हाय. गोळी घेतली न्हवं?”

“घेतली गं,” आबा म्हणाले. “आज थंडी लय हाय बघ.”

बोलणं संपेपर्यंत मी कशीबशी थांबले. मग म्हटलं, “ऐकलंत ना आता?”

“ते मला पैल्यापासनं ठावं हाय.”

“कसं?”

आबांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. “तुझा फोन आला की पैला शब्द काय असतो? ‘आबा, पटकन बोला.’ तिला कवा घाई नसती. म्या तवाच वळखलं, ही आपली न्हवं.”

मी म्हटलं, “मग मरताना पाणी घालायला तिलाच बोलवा.”

“ती येणार न्हाई, ते बी ठावं हाय. येणार न्हाई म्हणूनच तिला सांगाया येतं. तुला सांगितलं तर तू माझ्याकडं अशी बघतीस.” आणि माझ्याकडं बोट करून दाखवलं, कशी ते.

दुपारच्या गाडीनं मी परत आले. त्यांनी थांब म्हटलं नाही.

साहेब म्हणाले तसंच झालं. गावोगावच्या माणसांनी ते वाक्य ऐकून फोन ठेवायला सुरुवात केली. कुणाला भुताटकी वाटली, कुणाला फसवणूक. ऑर्डरी घटल्या तसा कंपनीनं तो आवाजच बंद करून टाकला. आता मोबाईलवर मेसेज येतो, खाली बारीक अक्षरात मशीनचा म्हणून शिक्का. आबांना मेसेज वाचता येत नाही.

त्यांनी आपणहून मला फोन केला तो एकदाच. “चार दिवस झालं, ती बोलंना.”

मी सांगितलं, बंद झाली. का, ते त्यांनीच विचारलं, मग तेही सांगितलं. वाक्य कुणी घालायला लावलं, तेही.

ते म्हणाले, “तुझ्या आईनंतर घरात कुणीतरी बोलत व्हतं. ते बी तुला बघवलं न्हाई.”

तेव्हापासून मी रोज सकाळी भाकरी करायच्या आधी त्यांना फोन करते. पटकन बोला म्हणत नाही. गॅस बंद करून, खुर्चीवर बसून करते. म्हणते, “आबा, गोळी घेतली न्हवं?”

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, “माणूस हाईस का मशीन?”

“माणूस हाय आबा. मी हाय.”

“मग ऱ्हाऊ दे,” म्हणाले आणि फोन ठेवला.

अजूनही उचलतात. ‘घेतली’ म्हणतात आणि ठेवतात. खरं घेतात की नाही, शेजारच्या काकूला विचारावं लागतं. ती म्हणते, गोळ्यांची डबी तशीच भरलेली दिसते कधीकधी.