गॅलरीतलं सलून

रविवारी सकाळी मी गळ्याभोवती जुनी चादर गुंडाळून गॅलरीतल्या स्टुलावर महाराजांसारखा बसतो आणि बायको माझे केस कापते. माझ्या हौसेचं रसवंतीगृह बुडालं. त्याचं कर्ज फिटेपर्यंत सलून बंद, असा तिचा हुकूम आहे.

"मान हलवू नका, कान जाईल."

"जाऊ दे, चष्म्याचा खर्च वाचेल."

मागच्या खेपेला समोरच्या गॅलरीतून जोशींनी विचारलं, "काय हो, न्हाव्याशी भांडण झालं का?"

बायको घाईने पडदा ओढायला निघाली. कर्जाची गोष्ट आम्ही बिल्डिंगभर लपवली होती. दूध निम्म्यावर आणलं तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. पाहुण्यांना 'आम्हाला कोराच चहा आवडतो' असं सांगताना मात्र जीव घुसमटला होता. खर्च कमी करणं सोपं, ते लपवणंच जड जातं.

मी चादरीसकट उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "भांडण नाही, कर्ज फेडतोय!"

जोशी कठड्यावरून वाकून म्हणाले, "वहिनी, पुढच्या रविवारी माझा नंबर लावा. आमचंही गाडीचं चालूच आहे."

बायकोने खांदे धरून मला गर्रकन फिरवलं आणि माझ्या मानेवरची वेडीवाकडी कापणी त्यांना दाखवली. "आधी हे बघून घ्या भावजी, मग ठरवा!"