पण ही कोण?

मी काढलेला फोटो पाहिला की वृंदाताई सबनीस आधी म्हणायच्या, "सुंदर आहे." मग चष्मा वर सरकवून विचारायच्या, "पण ही कोण?" या प्रश्नाने माझं किती वेळा डोकं उठलं असेल, विचारू नका. चष्मा वर गेला की त्यांचे कपाळाजवळचे केस उभे राहत. तिथे एक भोवरा होता, डावीकडे वळणारा, कुठल्याही कंगव्याला न जुमानणारा.

वृंदाताई मूळच्या साताऱ्याच्या. इचिकावात एकट्या राहायच्या आणि एका जपानी संस्थेत रानटी घोड्यांवर संशोधन करायच्या. मी हिगाशी-कसाईतला सॉफ्टवेअरवाला, फोटोग्राफीचं वेड असलेला. उरायासुच्या हॉलमधल्या गणपतीत कुणीतरी आमची ओळख करून दिली. माझ्या फोनमधले फोटो बघून त्यांनी विचारलं, "घोडे काढशील का रे? विमानाचं तिकीट देईन. मानधन नाही." मी तर हरखलोच. डोळ्यांसमोर समुद्र, वारा आणि उधळलेल्या आयाळी नाचायला लागल्या.

क्युशू बेटाच्या दक्षिणेला एक भूशिर आहे. तिथल्या उतारांवर हे घोडे मोकळे चरतात. बुटके, तपकिरी, सगळे एकसारखे. पहिल्याच सकाळी एक शिंगरू आईच्या पोटाखालून समुद्राकडे बघत होतं. मी श्वास रोखून फोटो काढला आणि कौतुकाच्या अपेक्षेने त्यांच्यापुढे धरला.

"सुंदर आहे. पण ही कोण?"

"घोडी आहे की, वृंदाताई."

"ते मलाही दिसतंय. कुठली घोडी? हे बघ, माणसाचा अंगठा तसा घोड्याचा भोवरा. कुणाचा डोळ्यांच्या मधे, कुणाचा वर, कुणाला दोन. समोरून, डावीकडून, उजवीकडून. ते झालं की मग तुझी कला."

माझ्या कलेची पाळी कधी यायचीच नाही. समोरून घ्यावा तर घोडी पाठ फिरवायची. डावी बाजू मिळाली की उजवीसाठी अर्धा डोंगर वळसा घालून जायचं, तोवर बाईसाहेब झाडीत. आयाळ वाऱ्यावर फुलली की मागून हुकूम यायचा, "थांब, केस कपाळावर आलेत. भोवरा झाकलाय." चौकीत आरोपीचे काढतात तसे फोटो मी सुट्ट्यांमागून सुट्ट्या काढत राहिलो. ऑफिसात म्हणाले, पासपोर्ट फोटोचा स्टुडिओ टाक. मी चिडून दर वेळी ठरवायचो, आता पुरे. मग वृंदाताईंचा फोन यायचा, "शनिवारी मोकळा आहेस ना?" आणि मी बॅग भरायचो. कोनबिनी दुकानातले ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, खात त्या गाडीत मला घोड्यांची नाती समजावून सांगायच्या. कोण कुणाची मुलगी, कोण कुणावर रुसलेली. बाईंना माणसांतलं गॉसिप मुळीच आवडत नसे, घोड्यांतलं मात्र तोंडपाठ.

गेल्या फेब्रुवारीत सगळंच अडलं होतं. कळपातली सगळ्यांत म्हातारी घोडी पावसाळ्यानंतर कुणाला दिसली नव्हती. कळप एकत्र राहतो तो तिच्यामुळे, असं वृंदाताईंचं म्हणणं. त्यांच्या सेन्सेईंना, म्हणजे संस्थेतल्या प्रमुखांना, मात्र वाटत होतं की ती मेली आणि कळप तिच्याशिवायही टिकला. मार्चमध्ये वृंदाताईंचा करार संपत होता. नवा मिळायचा तर ती जिवंत असल्याचा फोटो हवा होता.

दोन दिवस नुसतं धुकं. तिसऱ्या सकाळी आम्ही गारठून वाट बघत होतो. वैतागून मी कॅमेरा वृंदाताईंकडेच वळवला आणि त्यांचा एक काढला. तेवढ्यात त्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं. "तीच आहे. कान बघ तिचे."

माथ्यावर म्हातारी उभी होती. बरोबर तिच्या मागून सूर्य वर आला, धुकं सोनेरी झालं, आयाळ पेटल्यासारखी दिसायला लागली. मी बटण दाबत सुटलो. उजेडाच्या बाजूला जायला पळालो, तर ती वळली आणि धुक्यात उतरली. संध्याकाळपर्यंत शोधलं. नाहीच.

गाडीत त्यांनी पडद्यावर सगळे फोटो पाहिले. काळीभोर आकृती, भोवती सोनं.

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या. पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही.

"अहो, पण तुम्ही स्वतः पाहिलंत ना तिला? तसं सांगा की."

"मी ओळखलं रे. फोटोला ओळखता आलं नाही. दुसऱ्या कुणी असा फोटो आणला असता तर मीच परत पाठवला असता."

करार वाढला नाही. "फक्त तेवढ्यामुळे नाही हं," त्या मला सांगत राहिल्या. मार्चअखेर त्या साताऱ्याला परत गेल्या. तो फोटो ज्याला दाखवतो तो वाहवा करतो. मला तो बघवत नाही. अजूनही चडफडतो मी, कधी सूर्यावर, कधी स्वतःवर.

परवा व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "तुझ्या त्या वृंदाताई दाखव तरी. इतकी वर्षं नुसतं नावच ऐकतेय." शोधायला बसलो. हजारो फोटो, प्रत्येक घोड्याच्या तिन्ही बाजू. वृंदाताईंचा एकच, त्या सकाळचा. माथ्याकडे बघत उभ्या, पाठमोऱ्या, टोपी कानांपर्यंत ओढलेली, भोवती धुकं.

मी तोच दाखवला. आईने फोन जवळ घेतला. "सुंदर आलाय रे. पण ही कोण?"



"कपाळावर भोवरा आहे त्यांच्या," मी म्हणालो. "डावीकडे वळणारा. यात दिसत नाही."